पायी गेलेला राजा

"काकू, पहिल्या चालीले प्यादं दोन घरं जाते," धनंजय हसत म्हणाला.

"मले मालूम हाय." गिरजाबाईंनी राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं आणि घड्याळाचं बटण दाबलं.

भंडाऱ्याच्या हॉलमधली ही शेवटची फेरी. जिंकेल त्याला जिल्ह्याच्या संघातली उरलेली एकमेव जागा. धनंजयचा बुद्धिबळाचा क्लास होता आणि सुरुवातीच्या वीस-वीस चाली तोंडपाठ होत्या. गिरजाबाई तुमसरच्या एका राइस मिलमध्ये उकडलेला धान वाळवायच्या. तिथल्या ओट्यावर, कोळशानं आखलेल्या पटावर, बावीस वर्षं जेवणाच्या सुट्टीत हमालांशी खेळायच्या. मिलच्या नियमानं प्यादं एकेकच घर जातं आणि राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी घेता येते. सगळे हमाल हरले तेव्हा त्यांनी 'बायांसंगं खेळाचं नाही' असाही नियम काढला होता. बाईंनी तो कधी पाळला नाही.

धनंजयची पाठ केलेली विद्या चौथ्या चालीलाच संपली. बाई मनातून खूश झाल्या आणि तिथंच घात झाला. सवयीनं त्यांनी राजा उचलला आणि उडी घेतली.

"चूक!" धनंजय ओरडला.

पंच आले. "बाई, अशी उडी इथं चालत नाही. राजाले हात लागला, आता राजाच एक घर हलवा लागते. राजाले हत्तीआड न्याचा किल्लेकोटही गेला तुमचा."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. बाईंचे कान तापले.

"उडी नाही त नाही. पायी जाईन," त्या म्हणाल्या.

आणि खरंच, एकेक घर करत राजा कोपऱ्याकडे निघाला. वाटेत वजिराला वजीर गेले, वर बाईंचा एक घोडाही गेला. धनंजय बाईंचा मारलेला वजीर बोटांत फिरवत बसला.

"सोडा ना आता, काकू. कायले टाइम घालवून राहिल्या?"

"घड्याळात हाय ना टाइम? मंग खेळ!"

त्यानं सगळी फौज राजाच्या मागे कोपऱ्यात लावली. मधली पट्टी मोकळी पडली. तिथून ते एक घर सरकलेलं प्यादं मुकाट्यानं चालत शेवटच्या घरात पोचलं.

"प्याद्याचा वजीर," बाई म्हणाल्या.

पंचांनी टेबलावर शोधलं. वजीर धनंजयच्या मुठीत होता. तो पटावर आला की पुढच्या दोन चालींत आपल्यावर मात आहे, हे त्यालाही दिसत होतं. त्यानं सावकाश मूठ उघडली.

"घ्या, काकू."

वजीर घामानं ओला झाला होता. बाईंनी तो पदरानं स्वच्छ पुसला, घरात ठेवला आणि घड्याळाचं बटण दाबलं.