घर काही झोपेना

साठीला टेकलेल्या माणसाने नवीन काही शिकू नये असं कोणी म्हणत नाही. पण शिकायचंच असेल, तर निदान विहिणीकडे तरी शिकू नये. बायकोची बोलणी खाता येतात, लेकीचे टोमणे हसण्यावारी नेता येतात. विहिणीसमोर मात्र माणूस नाकासमोर बघत, पाय जुळवून, निमूट बसतो. तिने ओरडावं आणि त्याने "हो विहीणबाई" म्हणावं, दुसरा मार्गच नाही.

मिस्त्रींना हे सगळं ठाऊक होतं. तरी ते विहीणबाईंच्या बैठकीच्या खोलीत गिटार मांडीवर घेऊन बसले होते, कारण गावात फुकट शिकवणारं आणि खरं बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. विहीणबाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. मिस्त्री फरशा बसवणारे. याच खोलीची फरशी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवली होती, लेकीच्या लग्नाआधी, आणि पंधरा फुटांत कुठे एक केस इकडचा तिकडे नव्हता.

"व्याही, नखं," विहीणबाई म्हणाल्या.

"कापलीत की."

"उजव्या हाताची कापलीत. डाव्याची कोणी कापायची, जावयाने?"

मिस्त्रींनी खिशातून नेलकटर काढलं आणि गुमान कापायला बसले.

हा खटाटोप होता बायकोसाठी. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभं राहून दिवसभर बोलणारी ती बाई, घरी आली की गायची. भांडी घासताना, इस्त्री करताना, मिस्त्रींशी भांडतानासुद्धा मधल्या वेळात. मग तिच्या घशात गाठ निघाली. साधीच होती, ऑपरेशन झालं, डॉक्टर म्हणाले आता सगळं ठणठणीत. आवाज परत आला, जरा खरबरीत, पण आला. गाणं मात्र आलं नाही. पहिल्यांदा म्हणून बघितलं तेव्हा वरच्या सुराला आवाज चिरकला, आणि तिने तोंड मिटलं ते मिटलंच. दोन वर्षं झाली. मिस्त्री कामावरून आले की घरात फक्त पंख्याचा आवाज. काय सांगावं, त्या माणसाला स्वतःच्या घराची भीती वाटायला लागली होती.

एकदा त्यांनी हिय्या करून विचारलं, "अगं, म्हण ना काहीतरी."

"तुम्ही वाजवा, मग मी गाते," ती म्हणाली. कधी काळी हा माणूस वाजवेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात मिस्त्री जुनी गिटार घेऊन घरी आले. तिने बघितलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाली, "आता हे खूळ कधी उतरतंय बघू."

खूळ उतरलं नाही. लेकीचा तिसावा वाढदिवस चार महिन्यांवर होता. लेक लहान असताना तिला झोपवायला बायकोने स्वतःच एक गाणं जुळवलं होतं, तेच तिने वाढदिवसाला म्हणावं, एवढंच मिस्त्रींच्या मनात होतं. गाणं असं:

झोपली वाटी, झोपला चमचा,
झोपली बाबांची थापी गं,
सगळं घर हे झोपी गेलं,
तूच एकटी जागी गं.

थापी म्हणजे मिस्त्रींची सिमेंट लावायची थापी. पोर खरंच तिला पांघरूण घालून झोपायची.

विहीणबाईंनी गाण्याला चार कॉर्ड, म्हणजे तारा एकत्र दाबायच्या चार ठेवणी, लावून दिले. सी, ए मायनर, जी आणि तिसऱ्या ओळीवर एफ. पहिले तीन सरळमार्गी. एफ म्हणजे मात्र पक्का अवलक्षणी, एका आडव्या बोटाने सगळ्या तारा दाबायच्या आणि वर बाकीच्या बोटांनी सर्कस करायची.

मिस्त्रींची बोटं सिमेंटने आधीच राठ झालेली, त्यामुळे इतर शिकाऊ लोकांसारखी तारांनी सोलवटली नाहीत. याचा त्यांना कोण अभिमान. पण बोटं होती केळ्याएवढी. एक तार दाबायला गेलं की शेजारची गप्प व्हायची.

"बोट उभं धरा. टोकावर. आणि पट्टीच्या मधोमध कशाला दाबताय? धातूच्या दांडीला लागून दाबा, जोर निम्मा लागतो. अंगठा मागे, मानेच्या पाठीला. गिटारची मान आहे व्याही, कोंबडीची नव्हे."

"हो विहीणबाई."

"रविवारी तीन तास बसू नका. रोज दहा मिनिटं बसा. आणि बसायच्या आधी तारा सुरात लावा."

तारा लावणं हे एकच काम मिस्त्रींना पहिल्या दिवसापासून जमलं. फरशी बसल्यावर बोटाच्या गाठीने वाजवून बघायची सवय आयुष्यभराची. खालून पोकळ राहिली असेल तर कानाला लगेच कळतं. कुठली तार उतरली आहे ते त्यांना तसंच कळायचं. विहीणबाईंनी हे बघितलं आणि चक्क दोन मिनिटं ओरडल्या नाहीत.

सराव ते कामावर करायचे. जेवणाच्या सुट्टीत, नुकत्याच फरशा लावलेल्या बाथरूममध्ये, पालथ्या बादलीवर बसून. रिकाम्या बाथरूममध्ये गिटार अशी घुमते की काय विचारता! मिस्त्रींना वाटलं, आपण तर भलतेच तयार झालो. एका घरमालकिणीने दार उघडलं आणि फरशीवाला आत गिटार वाजवतोय हे बघून हळूच परत लावून घेतलं.

"बाथरूममध्ये सगळेच गवई," विहीणबाई म्हणाल्या. "गाद्या रचलेल्या खोलीत बसून वाजवा. तिथे जे ऐकू येईल ते तुमचं खरं वाजवणं."

मिस्त्री घरी गाद्यांच्या खोलीत बसले. जे ऐकू आलं ते ऐकून त्यांचा चेहरा पडला. पण पठ्ठ्या हटला नाही.

आता त्यांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे झालं. फरशीच्या कामात पहिल्याच ओळीत एक फरशी सुतभर तिरकी बसली, की पुढच्या सगळ्या ओळी त्या तिरकेपणात बसतात. भिंतीपर्यंत जाईस्तोवर सुतभराचं बोटभर होतं. म्हणून चांगला मिस्त्री पुढे जात नाही. चूक दिसली की थांबतो, सगळं उचलतो आणि पहिल्या फरशीपासून पुन्हा बसवतो. मिस्त्री चाळीस वर्षं हेच करत आले होते आणि याच गोष्टीसाठी लोक त्यांना लांबून बोलवायचे.

गिटारवरही ते तेच करायचे. संध्याकाळी बायको दुकानातून यायच्या आत, ओळी नुसत्या मोठ्याने बोलत वाजवायचे. एफ चुकला की थांबायचं आणि पहिल्यापासून. एफ तर रोजच चुकायचा. त्यामुळे झालं काय, की इमारतीतल्या सगळ्यांना गाण्याचा पहिला अर्धा भाग पाठ झाला. वाटी झोपायची, चमचा झोपायचा, थापी झोपायची, पण घर काही झोपेना. वरच्या मजल्यावरचा शिंपी एकदा जिन्यात भेटला आणि काकुळतीला येऊन म्हणाला, "मिस्त्री, पुढे काय होतं ते एकदा सांगून तरी टाका."

वाढदिवस जवळ आला तसं मिस्त्रींनी बायकोला बोलवलं. "बस जरा. एकदा दोघं मिळून बघू."

ती आढेवेढे घेत बसली. पदराशी चाळा करत तिने घसा साफ केला. त्यांनी सुरुवात केली आणि दोन वर्षांनी त्या घरात तिचा आवाज आला, बारीक, चाचपडत. वाटी झोपली, चमचा झोपला. तिसऱ्या ओळीवर तिचा सूर वर चढला आणि त्यांचं बोट घसरलं.

"थांब, थांब. पहिल्यापासून," मिस्त्री म्हणाले.

पुन्हा तेच. पुन्हा तिथेच. "थांब. पहिल्यापासून."

तिसऱ्या वेळी त्यांनी थांब म्हटलं तेव्हा ती उठली. "राहू द्या हो," ती म्हणाली. रागावली नव्हती. रागावली असती तर परवडलं असतं. शांतपणे आत गेली आणि डबे पुसायला लागली. मिस्त्रींना वाटलं, आपला एफ बघून कंटाळली बिचारी. त्यांनी दुसऱ्या दिवसापासून एफवर दुप्पट जोर लावला.

त्या आठवड्यात विहीणबाईंकडे गेले तर आज नखंही नाहीत, अंगठाही नाही. बाई हाताची घडी घालून बसलेल्या.

"व्याही, तुमची बायको परवा येऊन बसली होती माझ्याकडे. रडली."

"का?" मिस्त्री गिटार धरूनच अर्धवट उठले.

"म्हणाली, यांनी तीनदा थांबवलं. माझा आवाज चिरकतो तिथेच दर वेळी थांबवलं. आवाजाबद्दल तोंडाने काही बोलले नाहीत, पण ऐकवलं नाही त्यांना."

"अहो, पण चुकत मी होतो! तिचा आवाज चिरकला हे मला कळलंसुद्धा नाही! मी माझ्या बोटाकडे बघत होतो!"

"ते मला कळलं. तिला कसं कळणार?" विहीणबाईंचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "फरशी उचलून परत बसवता येते. गाणारा माणूस एकदा तोंडातून सूर काढतो, तो तुमच्यासाठी तिथे ताटकळत उभा राहात नाही. डावा हात चुकेल. माझाही चुकतो. उजवा हात थांबवायचा नाही. एफ नाही लागला, तर नुसत्या तारांवर हात मारा, पण पुढच्या ओळीला हजर व्हा. साथ करणाऱ्याचं एवढंच काम."

"घरी जाऊन तिला सांगतो."

"सांगून पटेल तिला? समजूत काढताय असंच वाटेल."

विहीणबाईंचं खरं होतं. मिस्त्रींनी तरी सांगून बघितलं, आणि बायको म्हणाली, "हो हो, कळलं," आणि विषय बदलून टाकला. त्या माणसाला रात्रभर स्वतःचा राग येत राहिला. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या घरातलं वाकडं सरळ केलं, आणि स्वतःच्या घरात हे करून बसलो!

उरलेले दिवस मिस्त्रींनी फक्त न थांबण्याचा सराव केला. हे एफपेक्षा अवघड निघालं. चुकलं की हात आपोआप अडायचा. चुकीवरून तसंच पुढे जायचं म्हणजे मिस्त्रींना तिरक्या फरशीवर दुसरी फरशी लावल्यासारखं वाटायचं, दात आंबायचे. पण रेटलं. एका संध्याकाळी गाणं, वाईट का होईना, शेवटच्या ओळीपर्यंत पोचलं, आणि वरच्या मजल्यावरून शिंप्याने टाळ्या वाजवल्या.

वाढदिवस विहीणबाईंच्याच घरी होता. लेक, जावई, दोन-चार शेजारी. केक कापून झाला, बश्या गोळा झाल्या. मिस्त्रींनी गिटार काढली तशी लेक म्हणाली, "बाबा! आई गाणार?"

"नाही गं बाई," बायको पटकन म्हणाली. "माझा घसा बसलाय." आणि बश्या घेऊन स्वयंपाकघराकडे वळली. लेकीचं तोंड एवढंसं झालं.

मिस्त्रींनी बायकोला थांबवलं नाही. नुसती तार लावली आणि वाजवायला घेतलं. एकट्याने. आणि वर, देवा रे, गायलाही लागले! त्यांचा आवाज म्हणजे रिकाम्या पिंपात खडी. वाटी झोपवली, चमचा झोपवला. तिसऱ्या ओळीला एफ असा फसला की तारा फडफडल्या आणि जावयाला हसू आवरेना. गाण्याचा सूरही त्याच वेळी कोसळला. मिस्त्रींचे कान लाल झाले. हात अडायला बघत होता. त्यांनी त्याला अडू दिलं नाही. चूक तशीच मागे टाकून ते शेवटच्या ओळीला पोचले, आणि लगेच दुसऱ्यांदा सुरुवात केली. पुन्हा तिथेच फडफड, आणि पुन्हा पुढे.

बायको स्वयंपाकघराच्या दारात बश्या हातात धरून उभी होती. ती या माणसाला ओळखत होती. दोन फरशांच्या फटीत भरलेलं ग्राउट रेषेबाहेर गेलेलं दिसलं तर जेवण सोडून उठणारा माणूस. तो चार लोकांसमोर, विहिणीसमोर, जावयासमोर, उघड उघड चुकत होता आणि थांबत नव्हता. आणि बघत होता बोटांकडे नव्हे, तिच्याकडे.

तिने बश्या फ्रिजवर ठेवल्या. तिसऱ्या फेरीला ती गायला लागली.

वरच्या सुराला आवाज चिरकला. सगळ्यांनी ऐकलं, या वेळी मिस्त्रींनीही ऐकलं. उजवा हात चालत राहिला. ती क्षणभर डगमगली, पण खाली हाताचा ठोका होता, तिने तो धरला आणि ओळ पुरी केली. लेकीने डोळे पुसले आणि पुसता पुसता हसली. मिस्त्रींचा डावा हात तोवर केव्हाच गिटारवरून निसटून मांडीवर आला होता.

"डावा हात, व्याही! डावा हात!" विहीणबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

गाणं संपलं. कोणी टाळ्या वाजवायच्या आत बायको म्हणाली, "थांबा, जरा पाणी द्या कोणीतरी." दोन घोट प्यायली, लेकीजवळ बसली आणि कोणी न सांगता दुसरं गाणं सुरू केलं. जुनं, लांबलचक, मिस्त्रींना अजिबात न येणारं. आवाज मधूनच फाटत होता आणि ती खुशाल पुढे जात होती.

"निदान सूर तरी धरा," विहीणबाईंनी कोपर मारलं.

"राहू द्या विहीणबाई," मिस्त्री म्हणाले. "ऐकू द्या." विहिणीचं म्हणणं त्यांनी तिच्या तोंडावर पहिल्यांदाच मोडलं होतं. गिटार भिंतीला टेकवून ते ऐकत बसले.