गुडघ्यांत धरायची चक्की

एकदा हातात घेतलेलं काम ती सोडायची नाही, म्हणून माहेरी तिला घोरपड म्हणत. आता माहेर उरलं नव्हतं. घर विकलं गेलं आणि जेमतेम उजेड-अंधार कळणारी आई या लेकीकडे राहायला आली. राहायला कसली, पाहुणीच ती. पाणी हवं असलं तरी "तुला वेळ झाला की दे," म्हणायची. दिवसभर पलंगाच्या कडेला अशी बसायची, जणू आत्ता कुणी न्यायला येणार आहे. ते बघून लेकीच्या काळजाला घरं पडत.

सामानाच्या खोक्यात तळाशी आईची लाकडी कॉफीची चक्की सापडली. दांडा गंजून जाम, खालचा खण फुगून अडकलेला. ही फिरली तर आई इथं रुळेल, असं लेकीच्या मनानं घेतलं.

"अगं, बाजारात विजेवरची मिळते," नवरा म्हणाला.

"नवराही नवा मिळेल. म्हणून जुना टाकून देऊ का?"

त्यानं उठून घासलेट आणून दिलं.

तिनं आतले दाते घासलेटात भिजवले, तारेच्या ब्रशनं घासले, मूठभर तांदूळ दळून जुनाट वास काढला. खणाच्या कडा काचपेपरनं उतरवल्या. पेटीच्या दोन्ही बाजू मधोमध झिजून खोलगट झाल्या होत्या. तिथं खड्डे बुजवायची पांढरी लांबी भरली, घासून सपाट केली आणि वर पॉलिश चढवलं. चक्की नव्या नवरीसारखी दिसू लागली.

आईनं ती चाचपली, गुडघ्यांत धरली आणि दांडा फिरवला. पेटी सटकली. पुन्हा धरली, पुन्हा सटकली. मग दोन्ही हातांनी उचलून लेकीपुढे करत म्हणाली, "छान आहे गं. कुणाची आहे? जपून परत दे हो."

करायला गेले गणपती नि झाला मारुती. लेकीला रडू आलं, आणि स्वतःचा रागही आला. वर्षानुवर्षं आईनं गुडघ्यांत आवळून धरल्यामुळं ते लाकूड झिजलं होतं, आणि तिनं ते शहाणपणानं बुजवून टाकलं होतं.

ती सुताराची पटाशी घेऊन बसली.

"एवढं चकचकीत केलेलं खरवडतेस?" नवऱ्यानं विचारलं.

"हो. आणि तुम्ही पेटी घट्ट धरा."

लांबी दगडासारखी बसली होती. पटाशी सटकून अंगठ्याला लागली, तेव्हा चिंधी गुंडाळून ती पुन्हा भिडली. पांढरं संपून तपकिरी लाकूड दिसलं की थांबायचं, त्यापुढं एक कणही काढायचा नाही. पॉलिशची पार रया गेली. जाऊ दे, म्हणाली.

कॉफीचे दाणे घालून तिनं चक्की आईच्या मांडीवर ठेवली. आईचे गुडघे आपसूक खळग्यांत बसले. दांडा फिरला, दाणे कुरकुरले, वास सुटला. आईनं पाठ ताठ केली, पदर खोचला आणि हात जोरात चालवला.

"अशी उजेडात काय उभी राहिलीस?" ती म्हणाली. "दूध ठेव जा. आणि दुधासमोरून हलू नकोस, तुझं लक्ष नसतं."

लेकीनं दूध ठेवलं खरं, पण डोळे पुसता पुसता ते उतू गेलं. जळका वास बाहेर पोचताच आईनं बसल्या जागेवरून तिला चांगलंच फैलावर घेतलं. लेक ओट्याला धरून उभी राहिली आणि एकेक शब्द ऐकत राहिली.