तिसऱ्यांदा नको

मॅरेनच्या घरातली मत्स्यपेटी हिरवी पडली ती तिच्याच अतिकाळजीमुळे. उत्तर अमेरिकेतल्या डुलुथ गावच्या हिवाळ्यात माशाला चार किरणं मिळावीत म्हणून तिनं पेटी दक्षिणेच्या खिडकीत ठेवली. मासा होता तसाच राहिला आणि शेवाळानं मात्र चांगलं बाळसं धरलं. आतला लाल फायटर मासा दिसेनासा झाला. चार वर्षांची सिग्ने काचेला नाक लावून रोज विचारायची, "आई, हा पण मेला का?"

'हा पण' ऐकलं की मॅरेन काचेवर टिचकी मारून आत काही हलतंय का बघायची. पहिला मासा खरंच मेला होता. त्याला अंगणात पुरल्यावर सिग्ने आठवडाभर आपलं लाल फावडं घेऊन बाहेर जायची, तो बरा झाला का बघायला. दुसरा गेला तर पोरीला तोंड कसं दाखवायचं, याच विचारात मॅरेन असायची.

म्हणून शेवाळ खाणारा मासा आणायचं ठरलं.

"काच पुसून टाक की फडक्यानं," तिचा नवरा केंट म्हणाला.

"फडक्याला साबण असतो. साबणानं मासा मरतो."

"मग बिनसाबणाचा घे."

"आपल्या घरात बिनसाबणाचा फडका आहे?"

केंटनं सिंकवरचा फडका हुंगून पाहिला आणि परत ठेवला.

मॅरेननं मग अशी चौकशी मांडली की सिग्नेला सांभाळायला बाई ठेवतानाही एवढी केली नव्हती. एक मासा लहानपणी गुणी, पण वयात आला की दुसऱ्यांच्या अंगाला चिकटून त्यांचीच कातडी ओरबाडणारा. तो बाद. दुसरा कामाला वाघ, पण एवढ्याशा पेटीत त्याला धड वळताही आलं नसतं. शेवटी तिचं मन ओटो नावाच्या माशांवर बसलं. बोटाच्या पेराएवढे, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत, दिवसभर आपले काच चाटत बसतात. फक्त एकटा आणला तर झुरतो, टोळीच आणावी लागते. हे तिला फार पटलं. तीही डुलुथला नवी आली तेव्हा झुरलीच होती.

ती दुकानात जाणार त्याच्या आदल्याच दिवशी सासूबाई आल्या. लॉर्नाच्या एका हातात बटाट्याच्या चकत्या घालून ओव्हनमध्ये भाजलेलं हॉटडिश, दुसऱ्या हातात पाण्यानं फुगलेली प्लास्टिकची पिशवी.

"काही नाही गं, सिग्नेसाठी छोटंसंच आणलंय. काच साफ करतो म्हणे."

पिशवीत अंगठ्याएवढा तपकिरी ठिपक्यांचा, प्लेको जातीचा मासा होता. मॅरेननं त्याला ओळखलं. हा बघता बघता हातभर होतो आणि खातो त्याहून जास्त घाण करतो. तिनं तोंड उघडलं आणि त्या मुलखातल्या कुणाच्याही तोंडून अशा वेळी जे येतं तेच तिच्या तोंडून आलं.

"अय्या! वेगळंच आहे हो!"

लॉर्नाचा चेहरा पडला. शेजारणीचे नवे पडदे बघवले नाहीत तेव्हा तीही हेच म्हणाली होती. पण दोघी हसत राहिल्या. तेवढ्यात सिग्नेनं पिशवीला मिठी मारून माशाचं नाव 'बटाटा' ठेवलंसुद्धा.

मॅरेननं केंटला स्वयंपाकघरात गाठलं. "तुझ्या आईला सांग."

"सांगतो," म्हणत तो छाती काढून बाहेर गेला. "आई," तो म्हणाला, "हॉटडिश झकास झालंय."

बटाट्यानं शेवाळाचा फडशा पाडला आणि त्याच्या दुप्पट घाण केली. काच साफ झाली, पाणी गढूळ झालं. एका दुपारी लाल मासा पंख आवळून कोपऱ्यात निपचित पडलेला दिसला. सिग्नेनं ते पाहिलं. ती गॅरेजमध्ये गेली आणि फावडं घेऊन आली.

मॅरेननं आधी पाणी बदललं, मग सासूबाईंना फोन लावला.

"लॉर्ना, तसं काही विशेष नाही. म्हणजे आहे."

"माशाचं का?"

"हो."

"फार वाढतो का गं?"

"हातभर."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग लॉर्ना एकदम उसळली, "मला तरी कुठं हवा होता! मी गेले माशाचं खाणं आणायला. तो दुकानदार ऑर्विल म्हणाला, हा न्या, फुकट. मी नको म्हटलं. पुन्हा म्हणाला, पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणाला, न्याच हो. मग मी काय करणार?"

मॅरेनला वेगळं सांगायला नको होतं. पहिले दोन नकार रीत म्हणून द्यायचे. तिसऱ्यांदाही नको म्हणणारा माणूस भांडायला आलाय असंच तिथं धरतात.

बर्फातून तिघी दुकानात गेल्या. पिशवीला गारठा लागू नये म्हणून ती लॉर्नाच्या कोटात होती. सिग्ने वाटभर कोटाशी बोलत होती.

"परत कशाला?" ऑर्विल म्हणाला. "राहू दे की तुमच्याकडे."

"नको," मॅरेन म्हणाली.

"अहो, लहान आहे अजून."

"नको, खरंच."

"ठेवाच हो!"

लॉर्ना एकदम छताकडे पाहू लागली. मॅरेनचे कान तापले. तिनं सिग्नेकडे पाहिलं आणि डोळे मिटून बोलून टाकलं, "नको म्हणजे नको! तो हातभर होईल, माझी पेटी वीतभर आहे, आणि माझी पोरगी फावडं घेऊन बसलीय!"

ऑर्विलनं टोपी काढली, पुन्हा घातली. "या जरा," म्हणत त्यानं तिघींना मागच्या खोलीत नेलं. तिथल्या मोठ्या हौदात हातहातभर लांब प्लेको एकमेकांना खेटून पडले होते.

"लोक आणून देतात," तो पडेल आवाजात म्हणाला. "मी दोनदा नाही म्हणतो."

सिग्ने हरखली. "बटाट्याचे काका!" तिनं स्वतःच्या हातानं त्याला त्यांच्यात सोडलं आणि मागं वळूनही पाहिलं नाही.

"मग ओटो आजच नेता?" ऑर्विलनं विचारलं.

"नको. आधी पाणी सुधारू दे."

त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

ओटोंची टोळी पुढच्या आठवड्यात, काच पुन्हा हिरवी पडायला लागल्यावर, घरी आली. आल्या आल्या ते काचेला चिकटले आणि मान खाली घालून कामाला लागले. कोपऱ्यातला लाल मासा हलला. मग सगळे पंख फुलवून, कल्ले फुगवून तो थेट त्यांच्यावर धावून गेला. ओटोंनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"आई!" सिग्ने ओरडली. "तो त्यांना रागावतोय!"

घरात कुणी कुणाला रागावलं की मॅरेनला एरवी सहन होत नसे. आज ती खुर्ची ओढून पेटीसमोर बसली. "रागावू दे," ती म्हणाली. "चांगला पोटभर रागावू दे."