निरोगी गटातला दादा

"परत सांग," दादा म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं."

"परत सांगता येत नाही, दादा. चाचणीचा नियम आहे."

"मग तुझ्या नियमाला म्हणावं, जरा दम धर."

ती हसली, पण हसू ओठांवरच विरलं. मघाशी तिने त्याला एक छोटी गोष्ट वाचून दाखवली होती. सुतार छप्पर दुरुस्त करायला निघतो, शिडी घरीच विसरतो, शेजारीण आपली शिडी देते. मध्ये थोडा वेळ इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि आता त्याने ती सांगायची होती.

"एक माणूस होता," दादा सावकाश म्हणाला. "भला माणूस होता. पुढे मग नेहमीचंच झालं."

म्हातारपणी मेंदू कसा झिजतो, आठवणी आधी कुठून सुटायला लागतात, यावर तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती. आजाऱ्यांशी तुलना करायला ठणठणीत म्हातारी माणसं लागतात, आणि ती मिळता मिळत नाहीत. "माझं डोकं घे, फुकट आहे," असं म्हणून तिचा हा थोरला भाऊ आपणहून आला होता. चाचणी घेणारी मुलगी नेमकी आजच रजेवर, म्हणून ती स्वतः बसली. एरवी दुसऱ्या कुणाला तरी हे आधी दिसलं असतं.

"पाणी आणते," म्हणून ती उठली. पाणी न घेताच व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. शेवटी गुणांचा कागद घेऊन विभागप्रमुख सरांच्या दारात उभी राहिली.

सरांनी गुणांवर नजर टाकली. "यांना निरोगी गटातून काढावं लागेल. पुढच्या तपासण्या होईपर्यंत काही ठरवू नकोस. आणि आपल्याच घरच्या माणसाला तू सांगू नकोस, डॉक्टर सांगतील."

"तो गाडी शिकवतो, सर. संध्याकाळी त्याचा वर्ग आहे."

सरांनी कागद परत दिला. मग म्हणाले, "तेवढं मात्र सांग."

ती आली तेव्हा दादा खिडकीशी उभा होता. खाली कुणीतरी गाडी लावताना चारचारदा मागेपुढे करत होतं.

"नापास ना?" वळून न बघताच त्याने विचारलं.

"इथे पास-नापास नसतं."

"अगं, मी जन्मभर माणसं पास-नापास केलीत. चेहरा वाचता येतो मला."

तिने टेबलावरचं पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं.

"मागे एका शिकाऊ मुलीला मी एकेरी रस्त्यात उलट्या दिशेने गाडी घालायला लावली," तो म्हणाला. "रोजचा रस्ता. ती बिचारी मला सर सर करत राहिली आणि मी तिलाच रागावलो. घरी येऊन झोप लागेना. म्हटलं, हे विचारायचं कुणाला? तू तर हेच शिकलीस."

"मग सरळ विचारायचं ना रे."

"सरळ विचारलं असतं तर तू रडत बसली असतीस. कामात असलीस की नीट बघतेस."

कितीतरी घरांना तिने ही वेळ निभावून दिली होती. तेव्हाचं एकही वाक्य आता कामी येईना.

"शिकवणं थांबवावं लागेल, दादा."

"कधीपासून?"

"आजपासून."

त्याने मान हलवली. "तुझ्या दुसऱ्या गटात जागा आहे ना? मग तिकडे घाल. आलोच आहे तर कामाला येऊ दे."

खाली त्याची शिकवणीची गाडी उभी होती. त्याने किल्ली तिच्या हातात दिली आणि शेजारच्या सीटवर, म्हणजे आपल्या नेहमीच्याच जागी बसला. ती निघाली. डोळ्यांपुढे सारखं धूसर होत होतं. ती ते मनगटाने पुसत राहिली.

वळणावर बोळातून एक म्हातारा सायकल ढकलत अचानक पुढे आला. तिचा पाय हलायच्या आत गाडी थांबली. दादाचा पाय त्याच्या बाजूच्या, शिकवणाऱ्यासाठीच्या ब्रेकवर होता.

म्हातारा रस्ता ओलांडून गेला. दादाने पाय काढला.

"पहिला गिअर टाक," तो म्हणाला. "आरसा बघ. मग सावकाश."