शिव्यांचा मान

मले लोकं तापट म्हणतात. म्हणू द्या. चुलीत जाळच नसला तं भाकर कायवर भाजसान? पण एक सांगते. माह्या जल्मात मले सगळ्यात जास्त राग आला, तो शिव्या खाऊन नाही आला. शिव्या न भेटल्याचा आला.

हासू नका. आमच्या इकडची रीत ठाऊक नसन तं आधी आयका. लगन लागलं का विहिणीची पंगत बसते. नवरदेवाची माय, म्हणजे वरमाय, मधात पाटावर. तिच्या ताटाभोवती रांगोळी, बाजूनं उदबत्ती. तिनं पहिला घास उचलला, का पोरीकडच्या बाया गाण्यातून तिले शिव्या द्याले लागतात. तिचं नाक, तिचं चालणं, तिचं खाणं, तिच्या माहेरचं कुत्रं, काही म्हणता काही सोडत नाहीत. जेवढ्या शिव्या तेवढा मान. जिले कोणी काहीच म्हटलं नाही, ती कायची वरमाय? ती तं पंगतीले आलेली कोणीबी बाई!

माही सासू गेली, देव तिचं भलं करो. माहं लगन झालं तवा मी एवढीशी पोर. सासूले पाह्यलं अन् मायचा पदर धरला. उंच, हाडकुळी, कपाळावर आठी, अन् बोलली का बैल बी दचके. मी मायच्या पदराआडून तिले पाहून राह्यली होती. मनात म्हटलं, हे बाई काही मले जित्ती ठेवत नाही. मंग पंगत बसली, अन् माह्या मावशीनं गाणं काढलं, सासूच्या घोरण्यावर. वरमाय घोरली, छप्पर उडालं, कुत्रे गावची शीव सोडून पळाले, असं काहीबाही. पाहते तं काय, सासूचा पदर तोंडावर गेला. खांदे हालाले लागले. अन् माय वं, ती अशी हासली, अशी हासली का डोळ्यातून पाणी! घास हातातल्या हातात राह्यला.

त्या एका हासण्याच्या भरवशावर मी तिच्या घरी नांदाले गेली. मंग तिनं मले किती झिडकारलं त्याची मोजदाद नाही, पण त्या आठीच्या मागं काय हाय ते मले ठाऊक होतं. मले भजन आवडते, सनई आवडते, डफडं वाजलं का पाय थाऱ्यावर राहत नाहीत. पण सगळ्यात आवडते ते घोरण्याचं गाणं. ते आठवलं का मी पुन्हा एवढीशी होते, अन् माही सासू पुन्हा हासते.

तवापासून मी वाट पाहून राह्यली होती. माहा एकुलता एक पोरगा, जानराव. त्याचं लगन ठरलं कारंज्याच्या नानाजीच्या पोरीशी, रुख्मिणीशी. आमचं गाव मंगरूळच्या अल्याड, तिथून कारंजा म्हणजे बैलबंडीनं दिवसभराची वाट. पूर्ण वाटेनं मी खुशीत. म्हटलं, आता माही पाळी. सून दाराआडून पाहतच असन, पाहू दे. सासू दिसाले वाघीण हाय, पण हासते, हे तिलेबी कळू दे.

पंगत बसली. रांगोळी झाली, उदबत्ती लागली, शेवयावर तुपाची धार पडली. माह्या समोर विहीण, गोजराबाई. गोरी, गोल, अन् डोळे असे का सारं पाहून घेतात. मी घास उचलला अन् कान टवकारले. गोजराबाईनं ओठ दाबले. बाया एकमेकीच्या तोंडाकडे पाहू लागल्या. कोणाच्या तोंडातून हूं का चूं नाही.

तेवढ्यात नानाजीनं कोण्या शेठाच्या घरून एक बाजा आणून ठेवला. लाकडाची पेटी, तिच्यावर पितळेचा भोंगा. त्याची कळ पिळली, वर काळी तबकडी फिरली, अन् भोंगा खरखर करत भजन म्हणाले लागला. सारे लोकं तोंडाचा आ करून पाहातच राह्यले. कारंज्यात नवं नवं आलेलं ते. अन् मी? मी शेवया गिळल्या. मले त्या घरानं पितळेच्या भोंग्यासमोर बसवलं अन् भजन आयकवलं, जशी का मी मढ्यावर आलेली बाई!

गावात आली तं दारातच अमीनाबी बसलेली. मंगरूळहून चुड्या घेऊन गावोगाव फिरणारी, माही जुनी सोबतीण. इतल्या सालाची ओळख, माह्या हातात चुडी भरता भरता तिनं माह्या घरचं सारं पाह्यलं हाय. तिनं हासत पुसलं, "क्यों चतुराबाई, कैसी कैसी गालियां खाई?"

"भोंग्यानं भजन म्हटलं," मी म्हटलं.

"हाय अल्ला! वो शादी थी के मय्यत?"

माहं रडूच फुटलं. आमचे हे, म्हणजे जानरावचे बाबा, गाव त्यायले पुंजाजी म्हणते, ते बैल सोडून राह्यले होते. तिथूनच म्हणाले, "चांगलंच झालं ना, शांतीत जेवली." अन् बैलाच्या दाव्याची गाठ सोडण्यात गुंतले. ती गाठ सुटता सुटेना.

मी त्या दिवशी ठरवलं. आता गोजराबाईच्या घरचं पाणी बी पिणं नाही.

पण सुनेवर काय राग काढता? लेकरूच ते. रुख्मिणी कामाले चांगली, पण माह्या पावलाचा आवाज आला का तिच्या हातातलं भांडं वाजे. "जी आत्याबाई" अन् "नाही आत्याबाई", तिसरा शब्द नाही. मी साधं म्हटलं, "पोरी, जेवली का?" तरी ती दचके. आता माहा आवाजच तसा, त्याले मी काय करू?

एका सकाळी मी उठली तं जात्याची घरघर, अन् त्यात बारीक गाणं. रुख्मिणी एकटीच दळून राह्यली होती. तिले वाटलं मी निजून हाव.

दळण सरलं बाई, उरले पाच दाणे,
मायच्या घरी अजून सरले नाही गाणे.

असा गोड गळा का काय सांगू! मी अंधारात उभीच राह्यली. मंग न राहवून म्हटलं, "मोठ्यानं म्हण ना वं!" झालं. जातं थांबलं, गाणं थांबलं, अन् पोरगी ताडकन उभी.

मी तिच्यासमोर फतकल मारून बसली. खुंट्याले हात लावला. "घाबरू नको. एक गाणं तुहं, एक माहं. चाल."

तवापासून ते आमचं रोजचंच झालं. मी माह्या मायची ओवी सांगू, तिनं तिच्या मावशीची सांगावी. मी म्हणू, "हे गाणं आयकलं का मले आमच्या मळ्यातली मोट आठवते, बाबा पाणी धरून राह्यले अन् आमी चिंचेखाली." ती म्हणे, "हे म्हटलं का मले कारंज्याच्या कापसाच्या बंड्या दिसतात, आत्याबाई. माय सरकी काढता काढता म्हणे." पीठ पडे, दोघी पांढऱ्या होऊ. मी तिले सासूच्या घोरण्याचं गाणं बी म्हणून दाखवलं. तिच्या ओठाची कोर जराशी हालली. पण हासणं, ते नाही. माह्यासमोर दात दिसू दिले नाही तिनं.

अन् एक दिवस बोलण्या बोलण्यात म्हणते, "असे गाणे तं माह्या मायले लय येतात. कारंज्यात कोणाचं लगन असो, पंगतीच्या गाण्याले पहिले तिले बलावतात. एकदा तं वरमाय ताट सोडून पळाली."

माहा हात खुंट्यावरच थांबला. "तुह्या मायले येतात?"

"जी."

"मंग माह्या वक्ती काय तिच्या जिभेले गोम चावली होती?"

लय मोठ्यानं निघालं ते. शेजारचं कुत्रं भुकलं. रुख्मिणी पुन्हा "जी आत्याबाई, नाही आत्याबाई" वर गेली, अन् जात्यावर नुसती घरघर राह्यली.  येत नसतं तं समजली असती. येते अन् म्हटलं नाही! म्हणजे आमची लायकी काढली. जगाले शिव्या अन् मले भोंगा!

पुढं रुख्मिणी बाळंतपणाले माहेरी गेली. नात झाली. बारशाचं बलावणं आलं. मी म्हटलं, मी येत नाही. अमीनाबी चुड्या भराले आलती, ती माह्यावर खेकसली, "पोती का मुंह नहीं देखेगी? गुस्सा तेरा, सजा बच्ची को?" मंग मी कुंची शिवली, अंगडं शिवलं, अन् बंडीत बसली. पण ह्यायले वाटेतच सांगून देल्लं, "नात पाहीन, पाळण्याची दोरी ओढीन, पण त्या घरी घास घेणार नाही."

ह्यायनं "बरं" म्हटलं अन् बैलाचं शेपूट पिळलं.

नात पाह्यली. माह्या सासूचं कपाळ, आठीसकट! मी तिले छातीशी लावलं तं सारा राग विरघळाले आला होता, पण मी त्याले घट्ट धरून ठेवलं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. मंग पंगत. गोजराबाईनं माहा पाट मांडला, रांगोळी काढली. मी खांबाले टेकून उभी.

"बसा विहीणबाई."

"मी जेवत नाही."

 रुख्मिणी पाळण्यापाशी बसली होती, तिचा चेहरा पांढरा पडला. गोजराबाई म्हणाली, "आमचं काही चुकलं काय?"

"तुमी मले शिव्या काहून देल्या नाही?"

बोलली अन् माहंच नाक चुरचुरलं. आवाज फाटला. "भर मांडवात मले उपाशी ठेवलं तुमी. तूप वाढलं, शेवया वाढल्या, पण मान नाही वाढला. मी काय कोणी रस्त्यावरची होती? मी लहान होती तवापासून वाट पाहून राह्यली होती त्या गाण्याची!"

 गोजराबाई कमरेवर हात ठेवून बैठकीच्या दाराकडे वळली. तिथं माणसं बसली होती.

"व्याहीबुवा! सांगता का मी सांगू?"

आमचे हे पान लावून राह्यले होते. त्यायचा चुना हातावरच सुकला.

"लगनाच्या आठवड्यात हे आमच्या दारी आलते," गोजराबाई मले म्हणाली. "हात जोडून उभे. म्हणे, आमची घरवाली भडकू हाय. पुतणीच्या लगनात सनई बेसूर वाजली तं तिनं वाजंत्र्याले मांडवातून उठवलं. तिले गाण्यात काही म्हणाल तं मांडव पेटन. पाया पडतो, गाणं नका म्हणू. म्हणून माह्या मालकानं तो भोंगा आणला. अन् मी? मी तुमच्यावर गाणं रचून ठेवलं होतं, विहीणबाई! सोयरीक ठरली तवापासून. तुमाले पाहाले आली होती ना, तवाच चालणं पाहून घेतलं होतं. ते गाणं गिळून मी बसली तुमच्यासमोर. पोट फुगलं माहं!"

मी ह्यायच्याकडे पाह्यलं. म्हातारं माणूस दाव्याची गाठ शोधत होतं, पण तिथं बैल नव्हता. "तुह्याच भल्यासाठी वं," ते पुटपुटले. "तुले कोणी बोललेलं मले पाहवत नाही."

आता काय करता अशा माणसाचं! तीस सालाचा संसार, अन् याले हे ठाऊक नाही का मले कायचा राग येते अन् कायचा नाही. सनई बेसूर होती म्हणून उठवलं मी त्याले. गाणं चांगलं असतं तं मी काहून उठवीन?

"तुमच्याशी घरी गेल्यावर पाहीन," मी म्हटलं, अन् गोजराबाईकडे वळली. "ते गाणं आता बी येते का तुमाले?"

"येते का म्हणता?" तिनं पदर खोचला.

आली आली वरमाय, दणाणली वाट,
बसाले देला पाट, तं पिचला पाट!
पाट पिचला, खाट पिचली, खचला उंबरा,
तरी म्हणे चतुराबाई, तूप वाढा जरा!

बायायनं टाळ्या धरल्या. मी पदर तोंडावर घेतला. गोजराबाई माह्यासारखी चालून दाखवत पुढं सरकली.

विहीणबाईचा राग, त्याची काय सांगू बात,
फुंकर मारता चूल पेटे, शिजून जाते भात!
विस्तव नाही, काडी नाही, फुकट झाला सैपाक...

अन् तिथं ती अडकली. इतके दिवस पोटात ठेवलेलं, शेवटची ओळच हरवली. "सैपाक... सैपाक..." करत ती गोल फिराले लागली. माहे खांदे कवाचेच हालून राह्यले होते. मी पदर सोडला अन् हासली. पोट धरून, खांबाले धरून, डोळ्यातून पाणी येईस्तोवर. मले आयकू आलं, हे माहं हासणं नाही, हे माह्या सासूचं हासणं हाय.

तेवढ्यात पाळण्यापासून आवाज आला. बारीक नाही. मोकळा, खणखणीत, जात्यावर मी कधी आयकला नव्हता असा.

हासली माही आत्याबाई, कायचा आता धाक!

मी वळून पाह्यलं. रुख्मिणी पाळण्याची दोरी धरून उभी, डोळे सरळ माह्या डोळ्यात, अन् सारेच्या सारे दात दिसून राह्यले होते. गोजराबाई ओरडली, "हेच, हेच होतं बाई!" मले काही ते खरं वाटलं नाही. आता बी वाटत नाही.

मी डोळे पुसले, पाट ओढला अन् त्याच्यावर दणकन बसली. मोडला नाही.

"विहीणबाई," मी म्हटलं, "तूप वाढा जरा."