वरचा ठोका

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी नळी आहे. एवढ्यावर तुम्हाला काहीच कळणार नाही, हे मला ठाऊक आहे. कुणी मला भोंगा समजतं, कुणी भोवरा. एका मुलाने तर मला ओठाला लावून जोरात फुंकलं होतं! अरे, मी फुंकायची वस्तू नव्हे, ऐकायची आहे. माझं रुंद तोंड आईच्या पोटावर ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या चपट्या चकतीला कान लावायचा. मग पोटातल्या बाळाच्या काळजाचे ठोके ऐकू येतात. जन्मभर मी दुसऱ्यांचं ऐकत आले. आज मला थोडं बोलू द्या.

माझा जन्म पालघरच्या बाजारात झाला. तिथे खंडेराव नावाचा कातारी होता. तो चरकावर लाटणी, पाळण्याच्या चिमण्या आणि खाटांचे पाय कातत असे. एके दिवशी पांढऱ्या साडीतल्या एक बाई तुटलेली नळी घेऊन त्याच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "अश्शी दुसरी करून दे. भोक सरळ पाहिजे." खंडेरावाने हेदीच्या लाकडाचा पिवळा तुकडा घेतला आणि मला कातलं. त्याला मी कशासाठी आहे, ते कळलं नव्हतं. तरी भोक मात्र सरळ पाडलं हो त्याने. बाईंनी पदरचे पैसे दिले आणि मला पिशवीत टाकलं. सरकारी सामानात माझी नोंद झाली नाही ती तेव्हापासून.

त्या बाईंचं नाव जमनाबाई. एडवणच्या बाजूला किनाऱ्यावर एक कोळीवाडा आहे. तिथल्या आरोग्य उपकेंद्रात त्या नर्स होत्या. माहेर खानदेशात, सासर तुटलेलं, जवळचं असं कुणी नाही. गावात त्यांना मान मोठा होता. बाळंतपण अडलं की "नर्सबाय, धावा!" करत माणसं यायची. पण बाळ रडलं, बारसं झालं की बाईंची आठवण कुणाला? सणाच्या दिवशी त्या खोलीत एकट्याच भाकरी थापत. मग मला पुसायला घेत, मी स्वच्छ असले तरीही. मला ते आवडे आणि वाईटही वाटे.

या खोलीत एक दिवस पुष्पलता आली. काशीबाई मच्छीवालीची ती थोरली मुलगी. बाप होडीवर, घरात सहा माणसं, अंगणभर बोंबील वाळत घातलेले. अभ्यासाला जागा म्हणून नव्हती. ती पालघरला सायन्सला जायची. वर्गातल्या पुष्कळ मुली तारापूरच्या कॉलनीतल्या. त्यांचे वडील अणुवीज केंद्रात नोकरीला, शिकवण्या लावलेल्या. पुष्पलता बसली की शेजारची मुलगी वह्या गोळा करून पुढच्या बाकावर जाई. एस.टी.त कुणीतरी नाकाला रुमाल लावी. पोरगी केस तीनतीनदा धुवायची. वास गेला तरी शेजारची जागा रिकामीच राहायची.

वाड्यात तरी तिला मैत्रिणी होत्या म्हणाल, तर त्यांची लग्नं झाली होती. त्या म्हणत, "आता ही बाय आमच्याशी कशाला बोलेल?" म्हणजे इकडेही नाही आणि तिकडेही नाही. एक दिवस कॉलेजच्या वह्यांसकट ती उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसली. जमनाबाईंनी टेबलाचा अर्धा भाग मोकळा करून दिला.

तिथेच बाईंनी तिच्या डोक्यात भरवलं, की तू नर्स हो. नुसती नाही, विद्यापीठाची पदवी घेऊन. "मी छोट्या कोर्सवर राहिले गं," त्या म्हणायच्या. "तू बी.एस्सी. हो. शिकवशील पुढे मुलींना." मुंबईतल्या नर्सिंगच्या कॉलेजात जागा मूठभर, आणि अर्ज करणाऱ्या मुली साऱ्या मुलखातल्या. घरी बापाने स्पष्ट सांगितलं होतं, "एकदा बघ. यंदा नाव लागलं तर जा. नाय लागलं तर सातपाटीचं स्थळ हाय, मी हो म्हणणार." बाप वाईट नव्हता. मुंबईत एकट्या पोरीला पाठवायला तो घाबरत होता. पण त्या दिवसापासून पुष्पलतेचं तोंड सुकलं ते सुकलंच.

मग काय अभ्यास झाला, मित्रांनो! हाडांची नावं तोंडपाठ. मुलाखतीत इंग्रजीत बोलावं लागेल म्हणून बाई मुलाखत घेणाऱ्या व्हायच्या आणि ही दारावर टकटक करून आत यायची. "वाय डू यू वाँट टू बी अ नर्स?" बाई दरडावून विचारत, आणि उत्तर देता देता दोघींना हसू फुटे. त्या खोलीत इतकं हसू मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

बाई म्हणायच्या, "मार्क काय, सगळ्याच आणतात. त्या कॉलेजात मुलीच्या हातात दुसरीचा हात देतात आणि नाडी मोजायला लावतात. तिथे जी घाबरते ती गेली." म्हणून मोजण्याचा सराव सुरू झाला. तपासायला आलेल्या बायका सोशिक होत्या. आधी जमनाबाई मला लावून ठोके मोजत, मग पुष्पलता.

आणि तिथेच घोडं अडलं. पुष्पलतेचे ठोके कमी भरायचे. दर वेळी पाच-सात कमी. बाईंनी तिचे कान तपासले, घड्याळ बदललं, मला आतून काडी घालून पुसलं. माझ्या भोकात म्हणे कचरा! मला फार लागलं ते. ठोके माझ्यातूनच जात होते. एकही हरवत नव्हता. मी मनातल्या मनात ओरडत होते, की अगं, वीस झाले की तू बोट दुमडतेस, आणि तेवढ्यात एक ठोका तसाच सोडून देतेस! पण मला आवाज कुठला? ऐकणाऱ्याचं दुःख ते, सगळं कळतं आणि सांगता काहीच येत नाही. ती पोर रडकुंडीला आली. "बाई, मला जमणारच नाही. मी जाते सातपाटीला," असं एकदा म्हणालीसुद्धा.

उलगडा केला तो काशीबाईने, तोही नकळत. एक दिवस ती बाईंना द्यायला बांगडे घेऊन आली. पायरीवर बसून मोजू लागली. "अठरा, एकोणीस, वीस." मग एक बांगडा उचलून तसाच टोपलीत टाकला आणि पुन्हा "एक, दोन" सुरू केलं.

"काशीबाई, हा धरला नाहीस," जमनाबाई म्हणाल्या.

"तो वरचा, बाय. वीस झाले का एक वर टाकायचा. तो नाय धरायचा."

"का गं?"

काशीबाई हसली. "धरला तं मंग दिला काय?"

जमनाबाईंनी वळून पुष्पलतेकडे पाहिलं. पुष्पलता आपल्या दुमडलेल्या बोटाकडे पाहत होती. लहानपणापासून आईबरोबर मासे मोजलेले. वीस झाले की एक सोडायचा, हे तिच्या हातालाच शिकवलेलं होतं. दोघी अशा हसल्या, की काशीबाईला वाटलं, आपल्या लुगड्यालाच काही लागलंय!

चूक सापडली, पण हाताची सवय अशी सुटते थोडीच! पुढचे कितीतरी दिवस वीस आले, की पोरीचं बोट दुमडायला जाई आणि ती ते सरळ धरून ठेवी. हळूहळू हिशोब जुळू लागला.

मुलाखतीच्या दिवशी जमनाबाईंना रजा मिळाली नाही. काशीबाईला मुंबई ठाऊक नव्हती. बाप होडीवर होता. पुष्पलता एकटीच निघाली. बाईंनी मला तिच्या पिशवीत घातलं. "काही लागायची नाही तिथे. पण असू दे सोबत," म्हणाल्या. पालघरपासून मुंबईपर्यंत तिने पिशवीत हात घालून मला धरून ठेवलं होतं.

आत बोलावलं. मी पिशवीतून सगळं ऐकत होते. प्रश्न झाले, तिने नीट उत्तरं दिली. मग मुलाखत घेणाऱ्या मोठ्या सिस्टरांनी दुसऱ्या एका मुलीला बसवलं. तिचा एक हात पुष्पलतेकडे दिला, दुसरा स्वतःकडे घेतला. "स्टार्ट." मिनिट संपलं.

"ऐंशी," पुष्पलता म्हणाली.

"चौऱ्याऐंशी," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि पेन उचललं.

संपलं! मला तर पिशवीत बुडाल्यासारखं झालं. तेवढ्यात पुष्पलतेचा आवाज आला. इंग्रजी विसरून ती म्हणाली, "सिस्टर, माझे चार राहिले. मी ते वर टाकले."

"वर टाकले म्हणजे?"

मग तिने सगळं सांगितलं. वीस मासे, वरचा मासा, आई, धरला तं मंग दिला काय. खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. "पुन्हा मोज," एवढंच म्हणाल्या. पुन्हा मिनिट गेलं. या वेळी दोघींचे आकडे जुळले.

"आईने शिकवलेलं चांगलंच आहे," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पण पेशंटच्या बाबतीत वरचं काही नसतं. एक ठोका सोडलास, तर एक माणूस जाईल. इथे यायचं असेल तर ही सवय दाराबाहेर ठेवून यायची. ठेवशील?"

"ठेवीन," पुष्पलता म्हणाली.

तिचं नाव लागलं, मित्रांनो! वाड्यात पेढे वाटले. बापाने स्वतः ट्रंक डोक्यावर घेतली. जाताना तिने मला टेबलावर ठेवलं, बाईंच्या पाया पडली आणि पळतच एस.टी.कडे गेली. मागे वळून पाहिलं असतं तर तिला रडू आलं असतं. त्या रात्री जमनाबाईंनी टेबलाचा तो रिकामा अर्धा भाग तसाच ठेवला. आपल्या वस्तू तिकडे सरकवल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं तो तसाच होता.

पत्रं आली, मग कमी झाली. अभ्यास असेल, ड्युटी असेल. बाई म्हणायच्या, "चांगलं चाललं असेल. म्हणून वेळ नसेल." आणि मला पुसायला घ्यायच्या.

मग बाई निवृत्त झाल्या. सामान नव्या माणसाच्या ताब्यात देताना त्यांनी मला उचललं, छातीशी धरलं आणि परत ठेवलं. "राहू दे. इथे पोटुशा बायका येतील," म्हणाल्या. त्या खानदेशात गेल्या, त्यानंतर त्यांची काही खबर नाही. यादी करणाऱ्या कारकुनाला मी कागदावर कुठे सापडेना. "ही वरची दिसतेय. धरू नका," तो म्हणाला. बघा, मीच वरची झाले! पण मला कुणी दिलं नव्हतं, कुणी घेतलंही नव्हतं. ठोके ऐकायचं नवं यंत्र आलं. मी खिडकीत पडले. पुढे शिपायाला माझा एक उपयोग सुचला. फिनेल बाटलीत ओतायला नरसाळं म्हणून तो मला वापरू लागला. बाळांची काळजं ऐकलेल्या माझ्या कानात फिनेल! कुणाला सांगू?

अशी कितीतरी वर्षं गेली. आणि एक दिवस दारात मुलींचा घोळका आला. निळ्या गणवेशातल्या, शहरातल्या. खेड्यातलं काम शिकायला आलेल्या. त्यांच्या मागून त्यांना शिकवणाऱ्या बाई आल्या. केस पांढरे व्हायला लागलेले, चष्मा लावलेला. आवाज ऐकला मात्र, मी ओळखलं. माझी पुष्पी!

तिने आधी टेबलाकडे पाहिलं. मग जमनाबाईंचं विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं. मग तिची नजर खिडकीकडे गेली. तिने मला उचललं, वास घेतला, आणि मोरीवर नेऊन साबणाने धुतलं. आतून काडी घालून पुसलं.

नेमका त्या दिवशी यंत्राचा सेल संपला होता. पाड्यावरची नवसी नावाची एक बाई बाकावर झोपली होती. पहिलटकरीण, घाबरलेली. पुष्पलतेने मला तिच्या पोटावर ठेवलं आणि कान लावला. कितीतरी वर्षांनी माझ्या चकतीला माणसाचा कान लागला. ती मनात मोजत होती, पण ओठ हलत होते, ते मला कळत होतं. वीस आले. एकवीस, बावीस. एकही सोडला नाही. मोठ्या सिस्टरांना दिलेला शब्द तिने पाळला होता. मला आनंद झाला, आणि खरं सांगते, आत कुठेतरी तुटलंही. काशीबाईचा तो वरचा मासा आता कुठेच उरला नव्हता.

मिनिट झालं. तिने आकडा सांगितला, मुलींनी लिहून घेतला. घड्याळ तिने बाजूला ठेवलं. आणि मित्रांनो, तिने कान उचललाच नाही. ती तशीच वाकून राहिली, एक हात नवसीच्या हातावर ठेवून. ठोके येत होते आणि ती नुसती ऐकत होती. ते तिने मोजले नाहीत. नवसीची घट्ट मूठ हळूहळू सैल झाली.

"मॅडम, झालं ना मोजून?" एका मुलीने विचारलं.

"मोजून झालं," पुष्पलता म्हणाली. "हे वरचे."

संध्याकाळच्या एस.टी.ने त्या सगळ्या गेल्या. मी पुन्हा खिडकीत आहे. यंत्राला नवा सेल आला आहे. शिपायाने फिनेलसाठी खरं नरसाळं आणलं, पुष्पलतेने जाताना पैसे देऊन आणवलं. मुलांनो, एक मागणं आहे. तुमच्या कामात एकही ठोका चुकवू नका. पण काम झालं म्हणून लगेच उठूनही जाऊ नका. घरात, शेजारी, वर्गातल्या शेवटच्या बाकावर कुणी एकटं बसलं असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून त्याच्यापाशी थोडं बसा. आणि इकडे कधी आलात तर मला उचला. फुंकू नका. कान लावा.