साखरेची ओळ

तिने लाकडी पट्टी एका ओळीखाली धरली आणि बोट उजवीकडे सरकवत नेलं. साखर. पुढे शुल्काचा रकाना भरलेला होता : एकशे चाळीस टक्के. त्याच्या शेजारचा, वर्षभरात किती माल गेला याचा रकाना रिकामा होता.

"काका, मागच्या वर्षीचा तक्ता काढता का जरा?"

पलीकडच्या टेबलावरच्या टक्केकाकांनी चष्मा कपाळावर चढवला. कार्यालयात त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं आता कोणी उरलं नव्हतं. कोणता देश कोणत्या मालावर किती जकात घेतो, हे ते घरातल्यांचे वाढदिवस सांगावेत तसं सांगत. घरातल्यांचे वाढदिवस मात्र विसरत, अशी त्यांच्या बायकोची तक्रार होती.

"आता काय खुसपट काढलंस?" ते म्हणाले. "आकडा खाली आलाय म्हणून वर सगळे खूश आहेत. कशाला सुखाचा जीव दुःखात घालतेस?"

"दर कोणी कमी केलेत का? मग आकडा खाली कसा आला?"

काका उठले, कपाटातून जुना तक्ता काढून तिच्या टेबलावर ठेवला आणि मागेच उभे राहिले.

आपला माल शेजारच्या देशात शिरताना त्याला सरासरी किती शुल्क पडतं, हे मोजायचं काम त्यांच्या विभागाकडे होतं. हिशोबाची रीत सगळीकडे वापरतात तीच. जो माल जास्त जातो त्याच्या दराला वजन जास्त, जो कमी जातो त्याला कमी. मागच्या वर्षी सरासरी सहा टक्के निघाली होती. या वर्षी चार. दोन देशांमधली भिंत उतरते आहे, असं एक वाक्य विभागप्रमुख मॅडमनी अहवालाच्या पहिल्या पानावर घालून ठेवलं होतं.

तिने जुन्या तक्त्यावर पट्टी ठेवली. साखर, साठ टक्के. आणि शेजारच्या रकान्यात, फार मोठा नाही, पण एक आकडा होता. साठ टक्के भरूनही कोणीतरी साखर पाठवत होतं.

"साठाचे एकशे चाळीस केले," ती हळूच म्हणाली. "म्हणून जाणं बंद झालं. जाणं बंद झालं म्हणून वजन शून्य. आणि वजन शून्य म्हणून…"

"म्हणून भिंत वाढवली आणि सरासरी उतरली." काकांनी चष्मा डोळ्यांवर ओढला. "शून्याने गुणलं की डोंगरसुद्धा सपाट."

"काका, ही गोष्ट मी नव्या लोकांना शिकवते. दरवर्षी, पहिल्याच दिवशी."

"शिकवणाऱ्यालाच दिसत नाही गं," काका म्हणाले. मग तिच्याकडे पाहून आवाज खाली आणला. "आणि हे वर्ष तुझं नव्हतंच."

बाबांना जाऊन सहा महिने होत आले होते. कार्यालयात त्याविषयी एवढंच, असंच, कडेकडेने बोललं जाई.

मॅडमनी दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पाहिले. त्या हुशार होत्या. समजायला वेळ लागला नाही, मान्य करायला लागला.

"ही ओळ धरायची तर कशी धरणार? गेलेलाच नाही तो माल. नसलेल्याचं वजन कुठून आणू?"

"विचारावं लागेल. व्यापाऱ्यांना. शुल्क नसतं तर किती पाठवली असती, म्हणून."

"आणि ते खरं सांगतील?"

"माहीत नाही. पण आपण अजून विचारलेलंच नाही."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "मी वर कळवून बसलेय, की घटलंय."

"दिसेनासं झालंय," ती म्हणाली. "घटलेलं नाही."

मॅडमनी मग अहवालाचं पहिलं पान काढून घेतलं आणि उरलेला गठ्ठा तिच्याकडे सरकवला. "घेऊन जा. व्यापाऱ्यांशी बोल. बैठकीत माझी शोभा झाली तर तुझ्या नावावर."

बसमध्ये तिला खिडकीजवळची जागा मिळाली. दादाचा निरोप येऊन पडला होता. तो दूर, दुसऱ्या देशात होता. त्याचा दिवस या वेळेला सुरू होत असे. 'शनिवारचं पक्कं ना? त्या माणसाला पुन्हा फोन केलास का? आई कशी आहे?'

शनिवारी घराचं गिऱ्हाईक सह्यांसाठी येणार होतं. बाबांचं घर विकायचं आणि आईने तिच्याकडे राहायला यायचं, असं ठरलं होतं. आई हो म्हणाली होती. कशालाच नाही म्हणाली नव्हती.

ती उत्तर लिहू लागली. 'आई बरी आहे. आता रडत नाही. पहिल्यासारखी काही तक्रारही करत नाही. बरीच सावर'

अंगठा तिथेच थांबला. तिने लिहिलेलं परत वाचलं. बस एका चौकात उभी राहिली, माणसं चढली, कोणीतरी तिच्या मांडीवरच्या गठ्ठ्याला धक्का देऊन पुढे गेलं. तिने एकेक करून सगळी अक्षरं पुसली आणि फोन पिशवीत टाकला.

बाबांच्या घरी आई जमिनीवर बसून काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती. भोवती खोकी होती.

"आज लवकर आलीस?"

"काम संपलं नाही, म्हणून आले."

"हे बरंय तुमचं. संपलं की उशीर, नाही संपलं की लवकर." आईने सरकून तिला जागा केली. "बस. नाहीतर असं कर, तो आरसा काढ भिंतीवरून. माझा हात पोचत नाही."

"आरसा माझ्याकडे लावू या?" तिने आरशाजवळ जाऊन विचारलं.

"चालेल."

"की देऊन टाकायचा?"

"तेही चालेल."

"आणि बाबांची खुर्ची?"

"तुला वाटेल तसं."

बाहेर लिफ्टची घरघर सुरू झाली. बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. शहरातल्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट त्यांनी सांभाळल्या, आणि ही तर घरचीच. जेवताना मध्येच हात थांबवून ते कान द्यायचे आणि कोणती कप्पी कुरकुरते ते सांगायचे. संध्याकाळी लिफ्ट त्यांच्या मजल्यावर थांबली, की जाळीचं दार जरा जास्तच जोरात सरकायचं. आई म्हणायची, आले लिफ्टचे मालक.

आता लिफ्ट वर आली, थांबली. दार सरकलं. आईच्या हातातला कागद पेल्यावर अर्धा गुंडाळलेला तसाच राहिला. कोणाची तरी पावलं दारावरून पुढे गेली, पलीकडे कुलूप उघडल्याचा आवाज झाला. मग आईने उरलेला अर्धा कागद गुंडाळला.

हे तिने याआधीही पाहिलं होतं. आई दमली असेल, असं म्हणून सोडून दिलं होतं.

ती आरसा न काढताच परत आली आणि आईच्या समोर, जमिनीवर बसली.

"आई, एक विचारू?"

"विचार की. परवानगी कसली काढतेस?"

"समज, मी काहीच केलं नाही. डॉक्टर नाही, गोळ्या नाही, दादाला फोन नाही. तू बोललीस आणि मी नुसती इथे बसून राहिले. तर काय बोलली असतीस?"

आई हसली. "हे कार्यालयातलं काहीतरी आहे."

"हो. पण सांग."

आईने पेला खोक्यात ठेवला. दुसरा घेतला नाही. पदराच्या टोकाने बोटांना लागलेली शाई पुसत राहिली. ती काही केल्या निघत नव्हती.

"रडले असते," ती म्हणाली. "सुरुवातीला रडायचे तशी. तुला आठवतं, मी रडले की तू काय करायचीस?"

तिला आठवत होतं.

"झोप लागत नाही म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी गोळ्या. जेवण जात नाही म्हटलं, तर तपासण्या. सकाळी उपाशीपोटी रांगेत नेऊन बसवलंस मला. एकदा नुसतं म्हटलं, हे असते तर आज भांडले असते माझ्याशी. तर तू रजा काढून चार दिवस राहायला आलीस. फोनवर मॅडमची बोलणी खात होतीस, मी ऐकत होते स्वयंपाकघरातून."

"मला वाटलं…"

"तुझं चुकलं असं नाही म्हणत गं. तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं, वर दोन उपासही धरले असते. पण मी एक शब्द काढायचा आणि तू एवढी धावाधाव करायची. मला महाग पडायला लागलं ते. मग म्हटलं, नकोच."

तिने मान खाली घातली. जमिनीवर वर्तमानपत्राचा एक तुकडा पडला होता. ती त्याच्या घड्या घालू लागली. एक, त्यावर दुसरी. कागद आणखी दुमडेना तरी दाबत राहिली.

"आणि लिफ्ट?" शेवटी तिने विचारलं. "तूच म्हणाली होतीस, आवाज सहन होत नाही."

"म्हणाले होते. तर तुम्ही दोघांनी घरच विकायला काढलंत."

"अजून होतो त्रास?"

"होतो ना. रोज होतो. थांबली की वाटतं, आता दार उघडेल. मग कळतं, नाही." आई दाराकडे बघत होती. "पण तुझ्या घरी ती थांबणारसुद्धा नाही. तळमजला तुझा."

स्वयंपाकघरात नळ थेंब थेंब गळत होता. दोघींनीही उठून तो बंद केला नाही.

"शनिवारी त्या माणसाला काय सांगू?"

"येऊ नकोस म्हणून सांग. आणि दादाला तूच सांग बाई. तो तुझ्यापेक्षा महाग आहे. मी नको म्हटलं, तर विमानात बसून येईल समजवायला."

तिला हसू आलं. आईलाही. हसणं ओसरलं आणि बाहेर पुन्हा घरघर सुरू झाली. लिफ्ट खालून निघाली होती. या वेळी दोघींनीही कान दिला.

"ऐक," आई म्हणाली. "आता, मधल्या मजल्यावर. अडखळली, ऐकलंस? परवापासून करतेय. यांना नुसतं ऐकून कळलं असतं काय झालंय ते."

"जेवण टाकून गेले असते खाली."

"हात पुसत."

"न पुसता," ती म्हणाली. "तसेच खरकटे. आणि वर आल्यावर त्या काळ्या हातांनी माझ्या ताटातलं…"

बाबांना पोचवून आल्या दिवसापासून या घरात तिने सगळी कामं केली होती. दाखले काढले होते, माणसांना चहा दिला होता, दादाला विमानतळावर सोडलं होतं. आता तिने दोन्ही हातांत तोंड धरलं आणि तिच्या घशातून जो आवाज निघाला तो तिला स्वतःचा वाटला नाही.

लिफ्ट वरच्या मजल्यावर निघून गेली.

आई पाणी आणायला उठली नाही. उगी, असंही म्हणाली नाही. लेकीच्या गुडघ्याला गुडघा टेकवून ती बसून राहिली. बऱ्याच वेळाने तिने खोक्यात हात घातला, मघाचा पेला बाहेर काढला आणि त्याच्यावरचा कागद सोडवू लागली.